ताब्याची तारीख आणि बटणाचा रंग

घरं विकण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात महत्त्वाचं डिझाइन बटणाचं नसतं, रंगाचं तर नसतंच नसतं. ते शब्दाचं असतं. "एरिया" म्हणजे नेमका कुठला एरिया, "किंमत" म्हणजे काय काय धरून, आणि "ताबा" म्हणजे नुसती किल्ली की राहायला जायची परवानगीसुद्धा... ही तीन कोडी ज्याने सोडवली त्याने निम्म्याहून जास्त काम केलं. उरलेलं काम म्हणजे चित्रकला. (आमच्या टीममधली मुलं हे वाचून चिडणार आहेत. चिडू देत.)

हे माझं मत गेल्या काही वर्षांत पक्कं होत गेलंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. नातेवाईक मंडळींचीही सोय होईल. दर लग्नात कोणीतरी विचारतंच, "तू नक्की करतेस काय गं?" आणि "प्रॉडक्ट डिझाइन" असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे डब्या-बाटल्यांचं का?"

तर डब्या-बाटल्यांचं नाही. आमची कंपनी बिल्डर लोकांसाठी सॉफ्टवेअर बनवते. साइट ऑफिसात कुठला फ्लॅट विकला गेला, कुठला शिल्लक आहे, स्लॅब पडल्यावर कोणाला हप्त्याचं डिमांड लेटर पाठवायचं, हे सगळं त्यात असतं. शिवाय फ्लॅट घेणाऱ्यासाठी मोबाइलवरचं एक ॲप, एजंट लोकांसाठी दुसरं, आणि सोसायटी झाली की मेंटेनन्सच्या बिलांसाठी तिसरं. हे सगळं दिसतं कसं, चालतं कसं आणि माणसाला समजतं कसं, ह्याची जबाबदारी माझ्या टीमची.

आता "डिझाइन सिस्टिम" ही काय भानगड? साधी गोष्ट आहे. तुम्ही नळ कुठल्याही दुकानातून आणा, अर्ध्या इंचाच्या पाइपला तो बसतो. प्लंबर दर घरात नवीन आटे पाडत बसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र वर्षानुवर्षं सगळे नवीन आटे पाडत बसले होते. एकाच कंपनीच्या चार ॲपमध्ये तारीख निवडायच्या चार तऱ्हा, रक्कम लिहायच्या पाच तऱ्हा. मग कोणीतरी ठरवतं की बाबांनो, नळ एकच, आटे एकच, आणि ते इथून घ्यायचे. हे जे कोठार, आणि त्यातल्या वस्तू कशा वापरायच्या ह्याचे जे नियम, ती डिझाइन सिस्टिम. ब्रॅड फ्रॉस्ट ह्या अमेरिकन डिझायनरने २०१३ मध्ये "ॲटॉमिक डिझाइन" ही कल्पना मांडली, २०१४ मध्ये गूगलचं मटेरियल डिझाइन आलं, आणि मग ही हवा सगळीकडे पसरली.

पण ह्या कल्पनेचं मूळ गंमतशीर आहे. ते सॉफ्टवेअरमध्ये नाहीच, घरांमध्ये आहे! क्रिस्टोफर अलेक्झांडर नावाच्या वास्तुशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९७७ मध्ये "अ पॅटर्न लँग्वेज" हे पुस्तक काढलं. शहरापासून खिडकीच्या कट्ट्यापर्यंत २५३ नमुने त्यात आहेत. प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा, हा त्यातला एक. दुसरा बाल्कनीचा: सहा फुटांपेक्षा कमी खोल बाल्कनी लोक सहसा वापरतच नाहीत. (आपल्या इमारतींमधल्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाल्कन्या आठवा!) सॉफ्टवेअरवाल्यांनी ही कल्पना उचलली आणि त्यांचे "डिझाइन पॅटर्न" तयार झाले. आता आम्ही तीच कल्पना परत घरांच्या धंद्यात घेऊन आलोय. फक्त येताना एक गोष्ट वाटेत सांडली. अलेक्झांडरचा प्रत्येक नमुना माणसाच्या अडचणीपासून सुरू होतो. आमच्या बहुतेक डिझाइन सिस्टिम मात्र निळ्या रंगाच्या सात छटांपासून सुरू होतात.

माझं भांडण इथे आहे.

पहिलं उदाहरण एरियाचं. रेरा कायदा २०१६ चा, पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. त्यात कार्पेट एरियाची व्याख्या स्पष्ट आहे: फ्लॅटमधली वापरता येणारी जागा. आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, डक्टची जागा, फ्लॅटची स्वतःची बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. विक्रीचा व्यवहार ह्याच एरियावर व्हायचा. तरीही बोलताना "सेलेबल", "बिल्ट-अप", "सुपर बिल्ट-अप" हे शब्द काही जात नाहीत, आणि सॉफ्टवेअरमध्ये "एरिया" नावाचा एकच रकाना असला की ज्याला जे वाटेल ते तो त्यात भरतो.

आकडे घेऊन बघा. समजा फ्लॅट ७५ लाखांचा आणि कार्पेट ६४६ चौरस फूट. भाव झाला सुमारे ११,६१० रुपये फूट. आता त्याच फ्लॅटचा "सेलेबल" ९०० फूट सांगा. भाव उतरला ८,३३३ वर! घर तेच, पैसे तेच, फक्त भागाकार बदलला. म्हणून आमच्या सिस्टिममध्ये एरियाचा आकडा एकटा छापताच येत नाही. आकडा, तो कुठल्या प्रकारचा, आणि एकक, हे तिन्ही एकत्र दिल्याशिवाय तो तुकडा पडद्यावर येतच नाही. डेव्हलपर लोक सुरुवातीला वैतागले. "मॅडम, नुसता नंबर दाखवायचाय, इतकं काय?" नुसता नंबरच तर दाखवायचा नाहीये, दादा!

चौरस मीटर आणि फुटांचाही घोळ असाच. महारेराचे कागद मीटरमध्ये, लोकांची डोकी फुटांमध्ये. ६०.३५ चौरस मीटरचे होतात ६४९.६ फूट. एक ॲप म्हणतं ६४९, दुसरं म्हणतं ६५०. तुम्ही म्हणाल, एका फुटाने काय होतंय? साडेअकरा हजारांचा भाव असेल तर साडेअकरा हजार होतात. आणि पैशांपेक्षा वाईट म्हणजे माणसाच्या मनात शंका येते, "ह्यांच्या दोन कागदांवर दोन आकडे का?" त्या शंकेचं उत्तर साइट ऑफिसात बसलेल्या पोराकडे नसतं. ते ज्याने आकडा कसा तोडायचा हे ठरवलं नाही, त्याच्याकडे असतं.

मराठीचं तर विचारूच नका. कार्पेट एरियाला सरकारी मराठीत म्हणतात चटई क्षेत्र. आणि एफएसआयला म्हणतात चटई क्षेत्र निर्देशांक. आता ह्या दुसऱ्या शब्दातली चटई पहिल्या शब्दातल्या चटईइतकी नसते! एफएसआय मोजताना जे बांधकाम धरतात ते कार्पेटच्या व्याख्येप्रमाणे नसतं. आमच्याकडे यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी मी म्हटलं, फ्लॅट घेणारी कुठलीही बाई "चटई क्षेत्र किती?" असं विचारत नाही, "कार्पेट किती?" असंच विचारते. मग आपण मराठीतही "कार्पेट" लिहू. मराठीच्या अभिमान्यांनी रागावू नये. लोक जो शब्द पैसे मोजताना वापरतात तो मराठीच.

शिवाय अक्षरांचा प्रश्न वेगळाच. इंग्रजी मनात धरून आखलेल्या बटणात "नोंदणी"ची वेलांटी आणि अनुस्वार वरून कापले जातात आणि "मंजूर"चा ऊकार खालून. देवनागरीला वर-खाली जास्त जागा लागते. म्हणून आमच्याकडे ओळीची उंची आधी मराठीत ठरते आणि मग इंग्रजीत. इंग्रजीचं त्यात काही बिघडत नाही, उलट जरा मोकळं दिसतं. एवढ्या सोप्या गोष्टीसाठी "मराठी नंतर बघू" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय म्हणून सांगू!

असो. आता मुख्य मुद्दा. ताबा.

एका फ्लॅटच्या आयुष्यात निदान तीन तारखा असतात. एक, करारनाम्यात लिहिलेली ताब्याची तारीख. दोन, बिल्डरने महारेराकडे जाहीर केलेली प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख. तीन, साइटवरचे लोक तोंडी सांगतात ती, "दिवाळीपर्यंत होऊन जाईल" वाली. ह्यातल्या पहिलीला कायद्यात वजन आहे. करारात ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर रेराच्या कलम १८ प्रमाणे घेणारा बाहेर पडून व्याजासकट पैसे मागू शकतो, किंवा थांबायचं ठरवलं तर उशिराच्या दर महिन्याचं व्याज मागू शकतो. म्हणजे ही तारीख म्हणजे पैसा आहे.

आणि ही तारीख बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कशी असते माहीत आहे? एक साधा रकाना. त्यात जुनी तारीख खोडून नवीन लिहिली की संपलं. घेणाऱ्याच्या ॲपमध्ये नवीन तारीख झळकते, जुनी जणू कधी नव्हतीच. कोणी मुद्दाम फसवायला केलंय असं नाही. रकाना करणाऱ्याने इतका विचारच केलेला नसतो. पण विचार न करता केलेल्या गोष्टीचा फायदा मात्र नेहमी एकाच बाजूला होतो, हे लक्षात घ्या.

तसाच "ताबा दिला" हा शिक्का. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, यायच्या आधी "फर्निचर करून घ्या" म्हणून किल्ल्या देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. फिट-आउट म्हणतात त्याला. सॉफ्टवेअरमध्ये त्याच क्षणी फ्लॅटसमोर हिरवा टिळा लागतो, "ताबा दिला". हिरवा रंग बघून माणूस निर्धास्त होतो. पण ओसीशिवाय ते घर कागदोपत्री राहण्याजोगं झालेलंच नसतं.

आम्ही आमच्या सिस्टिममध्ये दोन गोष्टी केल्या. तारखेचा तुकडा असा बनवला की करारातली तारीख एकदा नोंदली की ती पुसता येत नाही. नवीन तारीख तिच्या शेजारी येते, आणि कधी बदलली तेही दिसतं. आणि "फिट-आउटसाठी किल्ली दिली" आणि "ओसीनंतर ताबा दिला" ह्या दोन वेगळ्या अवस्था केल्या. हिरवा रंग फक्त दुसरीला.

ह्यावरून जे रण पेटलं ते पेटलं. एका मोठ्या बिल्डरकडून निरोप आला की जुनी तारीख दिसायला नको, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. आमचे विक्रीप्रमुख माझ्यासमोर येऊन बसले. भला माणूस. ते म्हणाले, "हे बघा, आपले पैसे बिल्डर देतो. फ्लॅट घेणारा आपला ग्राहक नाही, तो त्यांचा ग्राहक आहे. आणि उशीर काय फक्त बिल्डरमुळे होतो? परवानग्या अडकतात, कोर्टाची स्थगिती येते. नुसत्या दोन तारखा दाखवल्या की तो चोरच वाटतो."

त्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं. उशिराला खरोखर अनेक कारणं असतात, आणि आमचे पगार कुठून येतात हे मलाही माहीत आहे. पण त्याचं उत्तर तारीख लपवणं हे नाही, कारण सांगणं हे आहे. म्हणून त्या तुकड्यात आम्ही कारणाची एक ओळ वाढवली. तारीख बदलायची तर कारण लिहा. ते घेणाऱ्याला दिसेल. जो बिल्डर प्रामाणिक आहे त्याला ही ओळ म्हणजे उलट संधी आहे. आणि दुसरा मुद्दा मी असा मांडला: फ्लॅट घेणाऱ्याकडे करारनामा असतो. जुनी तारीख त्याच्या कपाटात नोंदणीच्या शिक्क्यासकट पडलेली आहे. ती तो महारेरापुढे ठेवणारच. आपण ॲपमधून पुसून फक्त एवढंच सिद्ध करू की आपलं ॲप खोटं बोलतं.

तो बिल्डर गेला. खरंच गेला. त्या तिमाहीत विक्रीच्या बैठकांना मला कोणी चहा विचारत नव्हतं. तुकडा मात्र राहिला. वरच्या मंडळींनी बाजू घेतली म्हणून राहिला, हेही सांगितलं पाहिजे; डिझाइनवाल्यांच्या एकट्याच्या जोरावर अशा गोष्टी टिकत नाहीत. आणि सगळ्या लढाया जिंकलो असंही नाही. जाहिरातीच्या पानांवर "७५ लाखांपासून" आणि त्याच्या डोक्यावर ती चांदणी अजूनही आहे. पार्किंग, जीएसटी, मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीची ठेव, हे सगळं त्या चांदणीच्या पोटात. ती पानं दुसऱ्या विभागाकडे आहेत. मी दर सहा महिन्यांनी विषय काढते, ते दर सहा महिन्यांनी हसतात.

तारखेएवढी भांडणं न होता बसलेला एक नियम सांगते. रेराच्या कलम १३ प्रमाणे करारनामा करून तो नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आमचा पैसे भरण्याचा तुकडा करारनाम्याची नोंदणी झालेली नसेल तर १० टक्क्यांवर थांबतो, आणि का थांबला ते मराठीत सांगतो. बुकिंग करणाऱ्या माणसाला कलम पाठ असायची गरज नाही. साइटवरच्या नवीन पोरालाही नाही. ते आता कोठारातच आहे.

ह्यातच डिझाइन सिस्टिमची खरी ताकद आहे, आणि खरा धोकाही. मोदकाचा साचा नीट असला की नवख्याचेही मोदक सुबक होतात. साच्यालाच चीर असली तर एकूण एक मोदक त्याच जागी फाटतो. एका पडद्यावरची चूक एका पडद्यापुरती असते. कोठारातली चूक प्रत्येक ॲपमध्ये, प्रत्येक शहरात, प्रत्येक घेणाऱ्याच्या हातात जाते. अमेरिकेत घरभाडी सुचवणाऱ्या रिअलपेज कंपनीवर तिथल्या न्याय खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये खटला भरला. मुख्य आरोप घरमालकांच्या स्पर्धेला बाधा आणल्याचा होता आणि कंपनीने तो नाकारला. पण मला त्यातला एक मुद्दा वाचताना थांबावं लागलं. सुचवलेलं भाडं स्वीकारणं सोपं आणि नाकारणं जिकिरीचं, अशी त्या सॉफ्टवेअरची रचना असल्याचं सरकारचं म्हणणं होतं. म्हणजे कुठलं बटण आधी दाबलं जाईल, ही आमच्या धंद्यातली अगदी रोजची गोष्ट, थेट न्यायालयापर्यंत पोहोचली होती! आणि त्या बटणाच्या पलीकडे महिन्याचं भाडं भरणारी माणसं.

आता काही जण म्हणतात की डिझाइन सिस्टिममुळे सगळं एकसारखं होतं, कल्पकता मरते. मरू दे की थोडी! हप्त्याच्या पावतीत कोणाला कल्पकता हवी आहे? भाडं आणि हप्ता दोन्ही भरत, अर्धवट इमारतीकडे बघत वर्षं काढणाऱ्या माणसाला ॲप उघडल्यावर नावीन्य नको असतं. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: किती दिले, किती राहिले, कधी मिळणार. नातेवाइकांपैकी जे ह्यातून गेलेत त्यांना मी वेगळं सांगायला नको.

सरकारी गोष्टींना नावं ठेवायची आपल्याला सवय आहे, पण एक बरं उदाहरण देते. ऑगस्ट २०२३ पासून महारेराने प्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड बंधनकारक केला. जाहिरात कितीही झगमगीत असो, कोड स्कॅन केला की प्रकल्पाची महारेराकडची नोंद उघडते. सगळ्यांना एकच नळ, एकच आटे. मी तर त्याला महाराष्ट्रातल्या घरांच्या बाजारातली सगळ्यात उपयोगी डिझाइन सिस्टिम म्हणते. तिच्यात निळ्या रंगाची एकही छटा नाही.

म्हणून डिझाइन टीम चालवणं म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणते की सुंदर पडदे काढून घेणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग म्हणजे कुठल्या शब्दाचा काय अर्थ हे ठरवून त्याच्यावर पहारा देणं, आणि कोणी गोड बोलून तो अर्थ सैल करायला आला की जागेवरून न हलणं. आमच्याकडे मुलाखतीला येणारी मुलंमुली फार सुरेख काम घेऊन येतात, खरंच सुरेख. मी त्यांना एक पडदा दाखवते आणि एवढंच विचारते, "इथे घर घेणाऱ्याला काय कळू नये, असं कोणाकोणाला वाटत असेल?" जी मुलगी आधी जरा गप्प होते आणि मग तारखेकडे बोट दाखवते, तिला मी घेते.